बर्फावर पालथा घातलेला गालिचा

३ डिसेंबर, शनिवार

दोरिनचा फोन आला. इटलीत, पादोव्यात खोली मिळाली, स्वयंपाकघर आणखी एका जोडप्याबरोबर वाटून घ्यायचं. जानेवारीअखेर ये म्हणतो. दोन वर्षं "पुढच्या महिन्यात बघू" ऐकून माझे कान किटले होते, म्हणून विचारलं, "खोलीला खिडकी आहे का?" तर म्हणाला, "आहे गं, पण तिच्यातून बघण्यासारखं काही नाही." तेव्हा खरं वाटलं. खोटं बोलायचं असतं तर बाग दिसते म्हणाला असता.

संध्याकाळी प्रोफिरामावशीला सांगायला गेले. घर तिचं. आम्हाला पुढचं मोठं घर भाड्याने देऊन ती स्वतः अंगणातल्या चुलीच्या खोलीत राहते, गुडघ्यांना तिथलीच ऊब मानवते म्हणते. मक्याचे दाणे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जा बाई. नवऱ्याजवळ असावं. पण माझा गालिचा बर्फात साफ करून जायचं. घरात आलीस तेव्हाच कबूल केलं होतंस."

"करते की. एका दिवसाचं काम."

"बर्फ पांढरा राहीपर्यंत करायचा. उगाच दोन रट्टे घालून गुंडाळायचा नाही."

हा गालिचा मोठ्या खोलीत पलंगालगतच्या भिंतीवर टांगलेला आहे. काळ्या जमिनीवर गुलाब. मावशीने स्वतः विणला, मुलाच्या लग्नासाठी. गेनादी त्याचं नाव. लग्न काही झालं नाही. तो सायबेरियात लाकडाच्या कामावर गेला, पहिल्या वर्षी दोन पत्रं आली आणि मग काहीच नाही. याला अठरा-एकोणीस वर्षं झाली. तो गेला हे सगळं सोरोका गाव मनातून समजून चुकलंय, मावशी सोडून. चर्चमध्ये जिवंतांच्या मेणबत्त्या वरच्या खणात लावतात आणि मेलेल्यांच्या खालच्या. मावशी दर रविवारी गेनादीची मेणबत्ती वरच्या खणात लावते. तेवढ्या एका मेणबत्तीवर ती उभी आहे, असं मला कधीकधी वाटतं.

१० डिसेंबर, शनिवार

काल पडलेला बर्फ आज कडक, कोरडा. गालिच्याला हवा तसाच. कोपऱ्यावरच्या दुकानातली फियोदोरा मदतीला आली. ती पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या गल्लीत आली आणि तेव्हापासून तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक. दोघींनी गालिचा उतरवला. अंगणामागे सफरचंदाच्या झाडांपाशी न तुडवलेल्या बर्फावर पालथा घातला आणि वेताच्या थापीने पाठीवर झोडपला. हात भरून आले.

उचलला तर खाली करड्या धुळीचा चौकोन. ते होणारच, सहा वर्षांची धूळ. पण चौकोनाच्या मधोमध एक जागा पांढरीच राहिली होती आणि ती जागा माणसाच्या आकाराची होती. कुशीवर निजलेला, गुडघे दुमडलेले, एक हात डोक्याखाली. ओळखायला डोकं चालवावं लागत नव्हतं.

फियोदोरा हसत सुटली. "बघ बाई, तुझ्या नवऱ्याने इतकी वर्षं भिंतीला पाठ घासली, त्याचा छाप आलाय. आता रात्री इथेच येऊन नीज."

मीही हसले. खरं सांगायचं तर डोळे भरून आले. दोन वर्षं ज्या माणसाला हात लावला नाही तो असा समोर निजलेला. फोटो काढून दोरिनला पाठवला. मग गालिचा पुढच्या कोऱ्या जागेवर घालून पुन्हा झोडपला. तिथेही तोच. हात गळून गेले, म्हणून गुंडाळून पडवीत ठेवला.

११ डिसेंबर, रविवार

दोरिनचं उत्तर आलं. "भिंतीकडे तू झोपायचीस. मी कडेला, पहाटे उठायचं असायचं म्हणून. विसरलीस?"

विसरले नव्हते, पण ध्यानात आलं नव्हतं. मी दोरिनच्या खांद्याला लागते. बर्फातला माणूस आमच्या पलंगाहून लांब होता.

भिंतीला ओल आहे. ओलीमुळे लोकरीत धूळ कुठे धरते, कुठे धरत नाही. एवढंच असणार. तरी सहा वर्षं माझी पाठ ज्याला लागून होती ते आठवलं की मानेवर काटा येतो.

१७ डिसेंबर, शनिवार

पुन्हा बर्फ, पुन्हा गालिचा. आज एकटीच होते. फियोदोराला दुकान सोडवत नव्हतं आणि तिच्या थट्टेची मला गरजही नव्हती.

उचलला. आज तो बसलेला होता. पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर ठेवून, झोपेतून उठल्यावर माणूस क्षणभर बसतो तसा. गालिचा मी उलटा घातला असेन, दिशा बदलली असेल, म्हणून किती वेळ मान वाकडी करकरून बघितलं. निजलेला माणूस कुठूनही बघितला तरी बसलेला दिसत नाही.

मावशी खिडकीतून विचारत होती, "पांढरा राहिला का?"

"नाही अजून."

"मग घाल पुन्हा."

२० डिसेंबर, मंगळवार

स्वयंपाकघरात बाकावर झोपते. मोठ्या खोलीची भिंत आता उघडी आहे, गालिचा पडवीत आहे, तरी तिकडे पाठ करवत नाही.

२९ डिसेंबर, गुरुवार

बर्फ वितळला. सगळीकडे चिखल. शिवणाच्या कारखान्यात शेवटचा दिवस झाला, बायकांनी केक आणला आणि इटलीत आपल्या बायकांना म्हाताऱ्यांचं सगळं करायचंच काम मिळतं, तयारी ठेव, असा एकीने सल्ला दिला.

बसचं तिकीट २३ जानेवारीचं काढलं. दोरिन म्हणतो, गालिच्याचं काय घेऊन बसलीस, दे ठेवून आणि नीघ. त्याला बोलायला काय जातंय. पहिल्या हिवाळ्यात मला ताप भरला तेव्हा मावशीने दुखऱ्या गुडघ्यांनी रात्रभर चूल पेटती ठेवली होती. शब्द दिलाय तो पाळून जाणार.

पडवीतला गालिचा आज सरकवून बघितला. सतराला एकटीने नेला होता, आज सरकेना. कोरडा ठणठणीत आहे.

४ जानेवारी, बुधवार

काल रात्रभर पडला. सकाळी फियोदोराच्या नवऱ्याने गालिचा झाडांपाशी आणून दिला आणि कंबर धरून गेला. मी झोडपत होते, तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. मावशी बर्फातून येत होती. चर्च सोडलं तर महिनाभरात ती पहिल्यांदाच अंगणाबाहेर पडली.

"उचल," म्हणाली.

आज तो उभा होता.

मावशीने छातीवर क्रूसही केला नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिली. मग काठीचं टोक त्याच्या डाव्या खांद्याकडे नेलं, पण टेकवलं नाही. तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता.

"अक्रोडावरून पडला होता लहानपणी," ती म्हणाली. "हाड तसंच बसलं." आणि थोड्या वेळाने, "वाळलाय."

मी तिचा हात धरला. "मावशी, चला आत, गारठा आहे."

"आधी कसा होता?"

सांगितलं. निजलेला, मग बसलेला.

"म्हणजे उठलाय," मावशी म्हणाली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "उठलाय बघ तो, रोदिका."

घरी जाऊन तिने कोबीच्या पानांत भात भरून गुंडाळे करायला घेतले, दहा माणसांना पुरतील एवढे. गेनादीला आवडायचे म्हणे. मला ताटभर दिले आणि उरलेले झाकून ठेवले. एखाद्याची आई अशी आनंदात वेडी होताना बघणं हे रडताना बघण्यापेक्षा वाईट.

९ जानेवारी, सोमवार

परवा आमचा जुन्या पंचांगाचा नाताळ झाला. फियोदोराला सगळं सांगितलं, सांगायलाच हवं होतं, पोटात मावत नव्हतं. आज ती थट्टेच्या वाटेला गेली नाही.

"अगं, उपाशी आहे तो," ती म्हणाली. "मेल्यापासून त्याच्या नावाने कुणी पावाचा तुकडा दिलाय का? एक पेला दारू? एक सदरा? आपण इथे द्यावं तेव्हा त्यांना तिथे पोचतं. याला काहीच पोचलेलं नाही. उघडानागडा फिरतोय बिचारा, म्हणून आईच्या गालिच्यात येऊन बसलाय."

ऐकलं आणि जिवाला बरं वाटलं. निदान काय करायचं ते तरी कळलं. दोघी पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले की बेपत्ता माणसाच्या नावानेही मेल्यानंतरचं जेवण घालता येतं, पण आईची इच्छा पाहिजे. जबरदस्तीने कुणाला मेलेल्यांत लिहिता येत नाही.

मावशीपाशी विषय काढला. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या हाताने मी त्याला पुरणार नाही." फियोदोराने पुन्हा तोंड उघडलं तर मावशीने तिला दार दाखवलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण वही माझी आहे, इथे तरी लपवू कशाला.

गुडघाभर बर्फ पडलाय. फियोदोराच्या नवऱ्याने आणून दिलेला गालिचा घातला, झोडपला, उचलला. करडा चौकोन मधोमध रिकामा होता. तो कडेला होता, चौकोनाच्या अगदी काठाशी, चालत्या माणसासारखा पुढे झुकलेला. पुढचा पाय काठावर तुटला होता. आणि काठापलीकडे, जिथे गालिचा पोचला नव्हता, जिथे मी किंवा कुणीच पाय ठेवला नव्हता, त्या कोऱ्या बर्फात एक पाऊल उमटलं होतं. एकच. बुटाचं, मोठं. टोक घराकडे.

मी पडवीतला झाडू आणला आणि ते पाऊल पुसलं. चौकोनही पुसला, वरून फावड्याने बर्फ टाकला.

मावशी दारात उभीच होती. "कसा दिसला?"

मला घरात येणाऱ्या त्या पावलाची भीती वाटली. दहा दिवसांवर माझी बस आहे, त्याचाही विचार मनात होता, नाही असं नाही. आणि म्हातारी रोज कोबी गुंडाळून कुणासाठी झाकून ठेवणार? मी म्हणाले, "मावशी, परत निजलाय तो. उताणा. हात छातीवर जोडलेले."

हात छातीवर कुणाचे जोडतात ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मावशीने दाराची चौकट धरली. "नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

ती आत गेली. मागून मला झाकण काढल्याचा आवाज आला आणि मग कोंबड्यांना बोलावल्याचा. सगळे गुंडाळे तिने कोंबड्यांपुढे टाकले.

तिच्या भल्यासाठीच केलं. असा लोंबकळता जीव घेऊन माणसाने किती वर्षं काढायची?

१६ जानेवारी, सोमवार

मावशी आली आणि म्हणाली, शनिवारी करू. पीठ किती लागेल ते फियोदोराला विचार. काल चर्चला गेली नव्हती म्हणे, कुठला खण ते ठरत नव्हतं म्हणून.

२१ जानेवारी, शनिवार

झालं एकदाचं.

तीन दिवस आम्ही वेणीसारखे विणलेले पाव भाजत होतो. आज सकाळपासून गल्लीतले सगळे आले. गोड गहू, मासे, पातळ भाजी, मावशीच्या तळघरातली दारू. पाद्रीबाबांनी गेनादीचं नाव घेतलं, मेलेल्यांच्या नावांत, अठरा-एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मावशी खुर्चीत ताठ बसली होती. रडेल म्हणून सगळ्या बायका तयारीत होत्या, पण रडली नाही. प्रत्येकाला जाताना पाव आणि त्यात खोचलेली मेणबत्ती दिली. फियोदोराने तिचा वाटा दुकानात नेला, शनिवारी दुपारची बस येते, गिऱ्हाईक असतं.

शेवटी गालिचा. एरवी मेलेल्याच्या नावाने दान द्यायचा गालिचा शवपेटीवरून पलीकडे देतात. पेटी नाही म्हणून बाबा म्हणाले, उंबऱ्यावरून द्या. घ्यायला कोण? मावशीने माझं नाव घेतलं. मी उंबऱ्याबाहेर, ती आत.

"घे," ती म्हणाली. "गेनादीच्या जिवासाठी."

"त्याला पोचू दे," मी म्हणाले, म्हणायचं असतं तसं.

तिच्या हातून गालिचा सुटेना. मला ओढून घ्यावा लागला. आणि सांगते, ज्याने फियोदोराच्या नवऱ्याची कंबर धरली होती तो गालिचा मी एकटीने खांद्यावर टाकला. घोंगडीएवढाच जड होता.

पाहुणे पांगल्यावर, दिवस मावळायच्या आत, मावशी म्हणाली, "एकदा घालून बघ." दोघी झाडांपाशी गेलो. पालथा घातला, झोडपला, उचलला. खाली बर्फ पांढरा होता. डाग नाही, धूळ नाही, आकार नाही.

मावशीने वाकून बर्फावर हात फिरवला. "गेला," ती म्हणाली. मग अंगणाच्या दाराकडे बघून पुन्हा म्हणाली, "गेला गं."

मी तिला धरून आत आणलं, पाय शेकले, निजवलं. पडल्या पडल्या झोप लागली तिला. बघत बसले आणि मनाशी म्हटलं, रोदिका, निघता निघता एक तरी काम धड केलंस.

२३ जानेवारी, सोमवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. काल मावशीने मेणबत्ती खालच्या खणात लावली. आज मला निरोप देताना "पुन्हा ये" म्हणाली नाही, "नीट पोच" म्हणाली. गालिचा डिकीत आहे.

५ फेब्रुवारी, रविवार, पादोवा

खिडकीतून खरंच काही दिसत नाही. समोरची भिंत आणि तिच्यावरचा नळ. दोरिन जाडा झालाय आणि झोपेत हल्ली घोरतो, पण तो आहे. मालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही असं बजावलंय, तेव्हा गालिचा कपाटामागे उभा. मी अजून उलगडलेला नाही.

आज फियोदोराचा फोन आला. मावशी बरी आहे. जेवते, झोपते, कमी बोलते. आमच्या जागी नवे भाडेकरू आले, त्यांना तिने गालिच्याबद्दल काही सांगितलं नाही, भिंत उघडीच ठेवली.

मग बोलता बोलता फियोदोरा म्हणाली, "अगं, तुला सांगायचंच राहिलं. त्या शनिवारी मी दुकानात परत आले आणि चारची बस आली. एक माणूस उतरला. पन्नाशीचा असेल, पिशवी एवढीशी. मला विचारतो, प्रोफिराबाई अजून इथेच राहतात का, हिरव्या दाराच्या घरात? म्हटलं राहतात की, पण दार निळं आहे. जा, आज त्यांच्याकडे सगळ्यांना जेवण आहे, त्यांच्या मुलाचं केलंय आज."

"मग?"

"मग काय, उभा राहिला. कुणाचं म्हणून विचारलं. म्हटलं गेनादीचं, सायबेरियात मेला तो. मग म्हणाला, कोणी सांगितलं मेला? म्हटलं आईनेच केलंय, आणखी कोण सांगणार? आईला कळतंच. गारठलेला दिसत होता, दया आली, म्हणून माझा पाव आणि मेणबत्ती त्याच्या हातात दिली. गेनादीच्या जिवासाठी, म्हटलं. टोपी काढली बघ त्याने. दोन्ही हातांनी घेतला पाव आणि म्हणाला, त्याला पोचू दे. आणि आला तसा परतीच्या बसमध्ये जाऊन बसला. मावशीकडे गेलाच नाही. कोण असेल गं?"

मी म्हणाले, तिच्या माहेरचं कुणीतरी असेल, उशीर झाला म्हणून लाजला असेल. फियोदोरा म्हणाली, हो, तसंच असेल. एक खांदा कसा होता त्याचा, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी विचारलं नाही. दार पूर्वी हिरवं होतं का, हेही विचारलं नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा निळंच होतं.

फियोदोराला मी शपथ घातली, यातलं मावशीच्या कानावर घालायचं नाही. आत्ता कुठे झोपायला लागलीय ती. फियोदोरा म्हणाली, मी कशाला सांगतेय, पण पाव वाया तर गेला नाही ना गं, परक्याला दिला तो?

मी म्हणाले, नाही, उलट परक्यानेच खावा लागतो. घरच्या माणसाने खाल्ला तर पोचत नाही.